दादाची जागा रिकामी होईना

माझा जन्म हा मुळात शेतीतला निर्णय होता.

नशिराबाद मागे टाकून आत वळलं की आमचं गाव, आणि गावाच्या कडेला नानांची केळीची बाग. नाना म्हणजे आमचे वडील. केळीच्या बुडाशी पिलं फुटतात. ती सारखी कापत राहावी लागतात, नाहीतर मूळ झाडाचं बळ खातात. पण घड निसवला, म्हणजे झाडातून बाहेर पडला, की शेतकरी त्यातलं एक बरं पील राखून ठेवतो. पुढे घड उतरतो, झाड तोडतात, आणि त्याच्या जागी ते पील वाढतं. नाना चौथी शिकलेले. जगातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं ते बागेतूनच काढत, आणि घरातला प्रश्नही त्यांनी असाच सोडवला.

प्रश्न होता माझा मोठा भाऊ. तीन मुलींनंतर, आईचं वय बरंच झाल्यावर तो झाला. नानांनी गावभर पेढे वाटले. पेढ्यांची चव लोकांच्या जिभेवरून उतरायच्या आत जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी पोराचे डोळे पाहिले, तळहात उलगडून पाहिला, छातीला नळी लावली आणि सांगितलं, हे मूल मंगोल आहे. तेव्हा डॉक्टर लोक असंच म्हणायचे. आता डाऊन सिंड्रोम म्हणतात. मूल भोळं राहील, उशिरा चालेल, उशिरा बोलेल, आणि फार तर दहा-बारा वर्षं जगेल, असं त्या म्हणाल्या. नाना घरी न थांबता दोन दिवस बागेतच राहिले. मग एक पील राखून ठेवलं. ते मी.

हे मला कुणी लपवून ठेवलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, तशी आमची आत्याही यायची. ती पारोळ्याकडे दिलेली, तिची बोली तिकडची, आणि तिच्या पोटात काही राहत नसे. मी सहा-सात वर्षांचा असेन. झोक्यावर बसून मी तिला विचारलं, दादाला नवा सदरा आणि मला त्याचा जुना, असं का? ती म्हणाली, "अरे, तो काय जास्त दिनना शे का? बठ्ठं त्याले आते, तुले मांगून. तुले तं मडकं धराकरता आनेल शे."

सगळं आता त्याला, मला मागून, एवढं कळलं; पण कसलं मडकं, ते मी विचारलं. तिनं हातवारे करून दाखवलं. नाना वारल्यावर पुढे विस्तवाचं मडकं धरून चालायला घरात एक मुलगा लागतो, आणि दादा तोवर टिकणार नाही. शाळेत गुरुजी विचारायचे, मोठेपणी कोण होणार? कुणी डॉक्टर व्हायचा, कुणी ट्रक ड्रायव्हर. मी गप्प बसायचो. माझी नेमणूक झालेली होती, फक्त रुजू व्हायचं बाकी होतं.

घरातला कायदा असा झाला की जे आहे ते आधी दादाला. त्याचं आयुष्य आखूड, तुझं पुढे आहेच की पडलेलं. पोळ्याला बैलाचा कासरा त्याच्या हाती. दुधावरची साय त्याची. जळगावला जाताना एसटीत खिडकी त्याची. दुसरा कुणी असता तर त्याला असं वागण्याचा संकोच वाटला असता. दादाला वाटायचा नाही. त्याला हे सगळं हक्काचं वाटायचं, आणि हक्काच्या बाबतीत तो फार काटेकोर होता. सकाळचा पहिला चहा त्याचा. चुकून मला आधी दिला तर तो भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि दुपारपर्यंत वळायचा नाही. केळीच्या बागायतदाराचा मुलगा असून केळं मात्र तोंडाला लावायचा नाही. केळी तेवढी विनातक्रार माझी.

पण मी केवळ हावरा होतो असं नाही. घाबरटही होतो. आम्ही दोघं एका गोधडीत झोपायचो. आत्याचं ते वाक्य ऐकल्यापासून सकाळी डोळे उघडले की मी आधी दादाच्या नाकाखाली हात धरायचो. गरम वारा हाताला लागला की मग उठायचो. एकदा त्याचं नाक चोंदलेलं होतं, वारा लागला नाही, आणि मी बोंब मारून अख्खं घर गोळा केलं. दादा उठून बसला, सगळ्यांकडे बघून हसला, आणि त्या दिवशी दोनदा चहा प्याला.

याचा एक भलताच परिणाम झाला. दादाला वाटलं, सकाळी माणसं एकमेकांना असाच रामराम घालतात. तोही उठल्याबरोबर माझ्या नाकाखाली तळवा धरायला लागला. मग आईच्या. मग नानांच्या. मग घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या. थोरल्या बहिणीचं लग्न ठरवायला फैजपूरहून माणसं आली होती. दादानं ओळीनं सगळ्यांच्या मिशांखाली हात धरून पाहिलं आणि नानांकडे वळून समाधानानं मान हलवली. फैजपूरकरांना काही कळलं नाही. लग्न झालं, एवढं खरं.

शाळेत मात्र मी दादाच्या आखूड आयुष्याचा पुरता वापर केला. गणिताचे गुरुजी छडीचे मोठे शौकीन होते. एकदा गृहपाठ नव्हता तेव्हा मी डोळे खाली घालून म्हटलं, "गुरुजी, माझा भाऊ आता थोड्याच दिवसांचा आहे." गुरुजींची छडी खाली आली ती टेबलावर. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हे माझ्या लक्षात राहिलं. पुढच्या चाचणीलाही मी डोळे खाली घातले. त्याच्या पुढच्याही. मुलं मला क्रिकेटमध्ये पहिली बॅटिंग द्यायची, दुपारच्या डब्यातला चिवडा पुढे करायची. दोन वर्षं असं सुखात गेल्यावर गुरुजींनी मला बाजारात गाठलं. दादा माझ्याशेजारी उभा राहून शेवेचा पुडा खात होता, गालाला शेव लागलेली, प्रकृती उत्तम. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरा आहे ना भाऊ?" म्हणाले. दादानं त्यांच्या नाकाखाली हात धरला. दुसऱ्या दिवशी छडी टेबलावर आली नाही.

असं करता करता ऐंशी साल उलटलं आणि दादाला बारावं लागलं.

घरात सगळे चालताना पाय हळू टाकायला लागले. हिवाळ्यात नानांनी जाहीर केलं की मळ्यात भरीत करायचं, गावजेवण घालायचं. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. तिन्ही बहिणींना सासरहून बोलावणं गेलं. आत्या आली. कपाशीच्या काड्यांचा जाळ करून त्यात पोतंभर हिरवी वांगी भाजली. लाकडी बडगीत मिरच्या आणि लसूण घालून भरीत ठेचलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. सगळी पंगत रडत होती. ज्यानं-त्यानं डोळे पुसून सांगितलं, धूर फार आहे. धूर कधीच विरला होता.

मीही रडलो. पण खोटं कशाला सांगू, मध्येच मनात येऊन गेलं की आता खिडकी आपली. मग त्या विचाराची इतकी भीती वाटली की मी माझ्या वाटचा गूळ उचलून दादाच्या ताटात टाकला. त्याला गूळ आपलाच वाटला. त्यानं तीन भाकरी खाल्ल्या, आत्याचा पदर धरून नाचला, सगळ्यांच्या पाया पडला, आणि हात धुताना नानांना म्हणाला, "उद्या परत."

उद्या नाही, पण पुढच्या हिवाळ्यात परत झालं, कारण तो आठवडाभर बडगी घेऊन दारात बसला. त्याच्या पुढच्या वर्षीही. निरोपाचं भरीत आमच्याकडे दरसालचा सण होऊन बसलं. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून लोक रडायचे थांबले आणि तिखटाबद्दल तक्रारी करू लागले. आत्या दादाकडे बोट दाखवून मला म्हणाली, "हाऊ पोऱ्या बठ्ठास्ले पोचाडी दी, देखजो." हा सगळ्यांना पोचवून मगच जाईल, असं ऐकून सगळे हसले. मी मात्र तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा, ओठावर लव फुटलेला, गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला थोरला मुलगा होतो. फक्त थोरली जागा रिकामी होत नव्हती.

मग मी शिकलो. जळगावला बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं आणि धुळ्याला एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. नव्वदी नुकतीच उलटली होती. मी आठवी-नववीच्या पोरांना आनुवंशिकता शिकवायचो. फळ्यावर चौकटी आखायच्या, उंच वाटाणा, बुटका वाटाणा, कुणाचा गुण कुणात उतरतो ते रंगीत खडूनं दाखवायचं. पोरं तोंड उघडं ठेवून ऐकायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, यातला पाषाण मी होतो. कारण घरातल्या वाटाण्याबद्दल मला काडीचंही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची छातीही नव्हती. मनात पक्कं बसलं होतं की हे आमच्या रक्तात आहे; दादात वर आलं, माझ्यात खाली दबून आहे, आणि माझ्या मुलांत उसळी मारून वर येणार. म्हणून स्थळं आली की मी नाही म्हणायचो. विचारलं की सांगायचो, आधी वाचन पूर्ण करायचंय, समाजासाठी काही करायचंय. खोलीत वाचायला म्हणून एक दिवाळी अंक होता, तोही घरमालकांचा. गावात माझी ख्याती मात्र फार विचारी मुलगा अशी झाली.

दादा आता पंचविशीच्या पुढे गेला होता. दर हिवाळ्यात तो पंधरा दिवस माझ्याकडे धुळ्याला यायचा. नाना त्याला जळगावहून गाडीत बसवून द्यायचे, मी उतरवून घ्यायचो. तो मला बारक्या म्हणायचा. माझ्या खोलीत आल्याबरोबर माझी उशी उचलून स्वतःच्या बाजूला ठेवायचा आणि शेजारच्या घरी जाऊन चहाची वेळ विचारून यायचा.

त्या हिवाळ्यात धुळ्याची थंडी जरा जास्तच होती. आला तेव्हाच तो शिंकत होता. मी शाळेत जाताना त्याला मफलर गुंडाळून जायचो, तो शेजारच्या पोराला मफलर देऊन टाकायचा. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं चहा नको म्हटलं.

मी त्याच्या कपाळाला हात लावला. सव्वीस वर्षांत दादानं चहा नाकारला नव्हता. अंग विस्तवासारखं, श्वास भराभर, ओठांना निळी झाक. मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे असतील, मुंबईहून नुकतेच शिकून आलेले. त्यांनी तपासलं, फोटो काढायला लावला आणि सांगितलं, न्यूमोनिया आहे, दोन्ही बाजूंना. यांच्या छातीला तो सोसत नाही. दोन-तीन दिवस गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

मी गावी निरोप धाडला आणि त्याच्या खाटेजवळ स्टुलावर बसलो. नाकात नळी, हाताला सलाईन. वीस वर्षं ज्या प्रसंगाची तयारी केली होती, तो समोर होता. या प्रसंगी काय बोलायचं, चेहरा कसा ठेवायचा, लोकांना कसा धीर द्यायचा, हे सगळं मी लहानपणापासून ठरवून ठेवलेलं होतं. त्यातलं काहीही आठवलं नाही. मला फक्त तो हवा होता. मी नर्सबाईंना इतक्या वेळा विचारलं की त्यांनी मला बाहेर जाऊन चहा पिऊन यायला सांगितलं. चहाच्या टपरीवर मी कप हातात घेतला आणि तिथेच उभ्या-उभ्या हुंदके द्यायला लागलो. टपरीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. मी डोळे खाली घालून काही मिळवण्याची ती शेवटची वेळ, आणि या वेळी मी काहीच केलं नव्हतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. कागदावर माहिती लिहायची होती. भावाचं वय विचारलं. मी सांगितलं. मग म्हणालो, "डॉक्टर, त्याला दहा-बारा वर्षं सांगितली होती."

"तेव्हा ते बरोबरच होतं," ते म्हणाले. "तेव्हा ही मुलं अशाच एखाद्या सर्दी-खोकल्यानं जायची. आता औषधं आहेत, लोक वेळेवर आणतात, म्हणून जगतात. पुढे आणखी जगतील. माणूस तोच असतो, आजूबाजूचं जग बदलतं. आई किती वर्षांच्या होत्या हे झाले तेव्हा?"

"अडतीस असेल. तीन बहिणींनंतर झाला."

ते लिहीत होते. "बऱ्याचदा असंच असतं. वय वाढलं की शक्यता वाढते. आमच्या लहानपणी बायकांना चाळिशीपर्यंत मुलं व्हायची. आता दोन झाली की पंचविशीत ऑपरेशन, त्यामुळे उशिराची बाळंतपणं कमी झाली. तरुण आयांनाही अशी मुलं होतात, नाही असं नाही, पण तो नशिबाचा भाग."

मी हळूच माझा वाटाणा बाहेर काढला. म्हटलं, "म्हणजे हे घराण्यात उतरत नाही?"

"सहसा नाही. फार क्वचित. हवं तर तुमचं रक्त तपासू, मुंबईला पाठवावं लागेल. पण तुम्ही काय करता?"

"विज्ञान शिकवतो," मी म्हणालो, आणि मला टेबलाखाली जावंसं वाटलं.

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांच्याहून लहान ना? किती वर्षांनी?"

"दोन."

"म्हणजे आई तेव्हा चाळिशीच्या." ते पेन टेकवून माझ्याकडे बघत राहिले. "मग खरं तर तुमच्या वेळी धोका जास्त होता."

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं आणि ते दुसऱ्या पेशंटकडे गेले. इतकी वर्षं मी स्वतःला काय समजत होतो? खात्रीचा माल. एक फसला, म्हणून निवडून, पारखून राखलेला दुसरा. आणि प्रत्यक्षात नानांनी आणखी वाईट पत्त्यांवर आणखी मोठा डाव लावला होता. मी धडधाकट निघालो त्यात माझं कर्तृत्व शून्य, नानांचं शून्य, बागायतीच्या ज्ञानाचं तर त्याहून शून्य. मला आठवलं, दादा एखादी गोष्ट चुकला की मी किती मोठ्या मनानं त्याला समजावून सांगायचो. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. तोही धड लागेल याची खात्री वाटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली. जळगावहून पारोळ्यामार्गे एकटीच, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन. नानांना बागेचं पाणी सोडून निघता येईना, आणि आले असते तरी ते दवाखान्याच्या दारातच बसून राहिले असते. आईनं दादाच्या कपाळावर हात ठेवला, मग पायावर. पाय गरम लागले. तिनं स्टूल ओढून घेतलं आणि त्याचा हात हातात धरला. ताप तसाच होता. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस बघू.

संध्याकाळी नर्सबाईंनी आम्हाला थोडा वेळ बाहेर काढलं. व्हरांड्यात बाकावर बसून आईनं गाठोडं सोडलं, माझ्या हातावर भाकरी ठेवली. दादाचं काय होणार ही धास्ती एकीकडे, आणि कालचं ते दुसरीकडे. मी दुखावलेला होतो, आणि दुखावलेला माणूस नको तेव्हाच तोंड उघडतो. मी आईला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. वयाचं, धोक्याचं. सांगताना आवाज थोडा चढलाच. म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं कसं नाही? मीही तसाच झालो असतो तर?"

आई भाकरीचा तुकडा मोडत होती. तिनं मान वर केली नाही.

"सांगतलं व्हतं ना. त्याच डॉक्टरीणबाईनं सांगतलं व्हतं. म्हने, बाई, आता पुरं करा. तुमचं वय झालं, दुसरा बी असाच व्हईन."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग तरी?"

"मंग काय? म्हटलं, व्हऊ दे."

आतून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आला. आईनं कान दिला, दादाचा नव्हता. मग ती सावकाश बोलायला लागली, भाजी निवडताना बोलावं तसं.

"तुह्या नानाले पील पाहिजे व्हतं. हा जाईन, म्हून दुसरा पाहिजे. माह्या डोक्यात तसं नव्हतं. मले वाटे, हा नाई जायचा. अन् नाई गेला तं? तिघी पोरी लगन व्हऊन जातीन, आमी दोघं म्हातारे. याच्यासंगं कोन खेळीन, कोन बसीन? म्हून म्हटलं, याच्यासारखाच आखीन एक झाला तं बरंच हाये. याले जोडी व्हईन. दोघं एका ताटात जेवतीन, एकमेकाले हसतीन. मी तं दोघाइची तयारी करून ठेवली व्हती." तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "मले काय माहीत, तू असा निंघशीन!"

माझ्याबद्दल एवढा स्पष्ट अभिप्राय मला आजवर कुणी दिलेला नाही. मला हसू फुटलं, ते अर्ध्यावर रडं झालं, आणि भाकरी घशात अडकली. तिनं पाठीत दोन धपके घातले, पाणी पाजलं.

"मग वाईट वाटलं का तुला?" मी विचारलं. "मी असा निघालो म्हणून?"

कुणीही आई म्हणाली असती, छे रे, काहीतरीच काय. आमच्या आईनं खरोखर विचार केला.

"थोडं वाटलं," ती म्हणाली. "खोटं कशाले बोलू. तू आठ महिन्याचा भराभरा रांगाले लागला, तवा सगळे हासले, नानानं गूळ वाटला. मी मनात म्हटलं, हा शिकीन, मोठा व्हईन, अन् हा निंघून जाईन. याले पुन्हा एकटं टाकीन."

एवढं बोलून तिनं गाठोडं बांधलं आणि नर्सबाईंनी दार उघडलंय का ते बघायला गेली. मी बाकावर बसून राहिलो. सबंध घरानं सव्वीस वर्षं दादाच्या तोंडाकडे बघत काढली होती की हा कधी जातो. मी तर त्यासाठीच जन्माला आलो होतो. आणि घरातून गेलेला एकच मुलगा होता. तो धुळ्याला खोली घेऊन राहत होता, फळ्यावर वाटाणे काढत होता, आणि वर्षातून पंधरा दिवस भावाला पाहुणा म्हणून बोलावत होता. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली की आता हे दुरुस्त करायला दादा उरणार नाही.

पण दादा उरला. त्या रात्री ताप उतरायला लागला. सकाळी डॉक्टर म्हणाले, हे गृहस्थ चिवट आहेत. चौथ्या दिवशी नाकातली नळी काढली. त्यानं डोळे उघडून आईला पाहिलं, मला पाहिलं, आणि मी त्याच्यासाठी कपात ओतलेला चहा बशीत का नाही म्हणून रुसला. मी धावत जाऊन बशी आणली. डॉक्टरांनी मला रक्ताच्या तपासणीबद्दल पुन्हा विचारलं. मी म्हटलं, राहू द्या.

आठवड्यानं घरी सोडलं. त्याला गावी न्यायचं ठरलं, तिथे ऊन होतं आणि आई होती. शाळेत माझी सगळी रजा संपलेली. मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला होता, सोमवारी अकरा वाजता हजर व्हा, नववीचा धडा अर्धा राहिलाय. म्हणून सोमवारी सकाळच्याच गाडीला मी दोघांना धुळ्याच्या स्टँडवर घेऊन गेलो. गाडीत चढून बाकडं धरलं, दादाला खिडकीशी बसवलं, त्याच्या पाठीशी घोंगडी घातली, आईच्या पायाशी पिशवी ठेवली, औषधं कधी द्यायची ते तिला तिसऱ्यांदा सांगितलं. मग उतरायला वळलो.

दादानं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं.

"बारक्या, बस."

"दादा, सोड. शाळा आहे मला."

"बस ना."

त्याच्या हातात अजून ताकद नव्हती. एवढंसं झटकलं असतं तरी सदरा सुटला असता. मी आईकडे बघितलं, ती त्याला समजावून सांगेल म्हणून. ती खिडकीबाहेर बघत होती. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मी आणखी एकदा म्हटलं, "दादा, सोड," पण म्हणताना मी बसलेला होतो. गाडी स्टँडबाहेर पडून पारोळ्याच्या रस्त्याला लागली.

कंडक्टर तिकिटं फाडत मागून आमच्या बाकड्यापाशी आला. कुठे जायचं, किती जण, म्हणाला. मी तोंड उघडलं, पण काय सांगावं ते मला अजून ठरवता येत नव्हतं.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "जळगाव. तीन."